कांदा-बटाट्याची उपकारस्तुती

मेदनकरवाडी, चाकण
२ जुलै २०२५

शालनआत्याला पूनमचा सलाम,

पाकीट बघून घाबरू नको, सगळे जिवंत आहेत. तू फोन उचलत नाहीस. उचललास तर माझं तोंड उघडायच्या आत "बरं बरं, ठेवते" म्हणतेस. नाताळला गावी आले नाही म्हणून राग आहे का? पोटात बाळ होतं, डॉक्टरनं एसटीत बसू नको म्हणून सांगितलं होतं. तरी राग असेल तर असू दे, पण पत्र वाच.

मी शेवटचं पत्र सातवीत लिहिलं होतं, मुख्याध्यापकांना, पोटात दुखतं म्हणून. तेपण खोटं होतं. त्यामुळं लिहायची आणि खरं बोलायची, दोन्हीची सवय मोडलीय.

बाळ सव्वाचार किलोचं झालंय. जन्मलं तेव्हा दीड किलोपण नव्हतं, पिंपरीच्या दवाखान्यात एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होतं, ते तुला कळलंच असेल. आता मिक्सरच्या आवाजावर झोपतं. दुसऱ्या कशावर नाही. म्हणून आमच्या घरी दिवसातून तीनदा चटणी होते. निरंजन कंपनीत डब्यात चटणी नेऊन नेऊन सगळ्या लाईनला वाटतो.

काम असं आहे. आमच्या इथल्या चर्चच्या मंडळीत रीत आहे. आजारी बाळ बरं होऊन घरी आलं की रविवारी उपासनेत उपकारस्तुती करायची, आणि त्यात गाणं आईनं एकटीनं म्हणायचं. पेटी नाही, ढोलकी नाही. मंडळी नुसती ऐकणार. मला आपल्या आजीचं गाणं म्हणायचंय, झोळीचं. मला हौस आहे म्हणून. तर त्याचे शब्द पाठव.

तू म्हणशील, लहानपणापासून गायलीस की, शब्द कसे नाहीत. आत्या, आठव. मी नऊ वर्षांची, नाताळ, बिशपसाहेब येणार. तू मला गाणाऱ्या पोरांच्या रांगेतून बाजूला घेतलंस आणि म्हणालीस, "पूनम, तू नुसते ओठ हलव." मी म्हणलं, काय म्हणू? तू म्हणालीस, "काय बी म्हण. कांदा बटाटा म्हण."

तेव्हापासून मी तेच म्हणते. सतरा वर्षं झाली. लग्न होऊन इथं आले तर पाळकसाहेब म्हणाले, पूनमच्या चेहऱ्यावर गाताना किती भक्ती असते, हिला पुढच्या रांगेत घ्या. चार वर्षं मी महिला मंडळात पुढच्या रांगेत उभी राहून कांदा बटाटा म्हणतीये. आमची मंडळी भरते ते पत्र्याचं शेड कांद्याच्या गोडाऊनला लागून आहे, त्यामुळं वासपण जुळतो.

शब्द पाठव. चारही कडवी.

तुझी,
पूनम


नेवासा
११ जुलै

चि. पूनम,

कागद मिळाला. राग न्हाई. फोन मला आवडत न्हाई.

हौस कशाला? गाणं काय लुगडं हाय का मिरवायला? देवापुढं उभं ऱ्हायचं तर आधी सूर पायजे, मग शब्द, मग तोंड. तू तोंडापासून सुरवात करतीस. तरी मागितलंस म्हणून शब्द वेगळ्या कागदावर लिहिलेत. त्यावर फोडणी सांडू नको, दुसऱ्यांदा लिहायची न्हाई.

ताठ उभी ऱ्हा. श्वास पोटातनं घे. भुवया वर नेऊ नको, भुवयांनी सूर वर जात न्हाई. चाल तुला म्हाईत हाय, कानात बसलेली आसंल.

माझे गुडघे दुखत्यात. तीन-चार महिने झाले, देवळात जाणं व्हत न्हाई. मंडळीत आता पेटीवर दिग्विजयमास्तर बसतो. कसा वाजवतो देवाला म्हाईत.

लेकराला तेल लाव. मिक्सर बंद कर, करंट खातो.

शालनबाई


चाकण
२० जुलै

आत्याला सलाम,

शब्द पोचले. पहिलंच कडवं वाचून रडले, मग लक्षात आलं की पातेलं खाली लागलंय.

फाटकी माझी झोळी, त्यात तुझं देणं
खालून तुझा हात असू दे, देवा

इतकी वर्षं मी ह्याच्या जागी भाजी म्हणत होते. लाज वाटली.

आता सरावाचं ऐक. सोमवारी निरंजन पहिल्या शिफ्टला गेला तशी कडी लावली, ताठ उभी राहिले, श्वास पोटातनं घेतला आणि पहिली ओळ काढली. दार वाजलं. घरमालकीण सावित्रीबाई, हातात काठी.

"कुठंय?"

"काय कुठंय?"

"मांजर. अडकलंय ना कुठंतरी?"

मी म्हणलं, मांजर नाही, मी आहे, देवाचं गाणं म्हणतीये. तिनं काठी भिंतीला टेकवली. म्हणाली, "म्हन की मग. आमच्यात बी भजनाला चिमाजी बुवा हाय, फाटक्या पत्र्यागत आवाज. तरी त्यालाच पयला बसवत्यात."

"का?"

"तो वेळंवर येतो."

बाळ माझं गाणं ऐकून झोपत नाही, रडतपण नाही. दूध प्यायचं सोडून माझ्याकडं बघतं. कंपनीत नवीन मशीन बसवल्यावर निरंजन असाच बघतो म्हणे, हे सुरक्षित आहे का म्हणून.

निरंजनलापण बुधवारी ऐकवलं. त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "लग्नाला चार वर्षं झाली, तुझा आवाज आज ऐकला." मी म्हणलं, कसा आहे? तर म्हणाला, "रविवारी ओव्हरटाइम आहे का विचारतो."

सहा तारखेला उपकारस्तुती ठरली होती. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. तेराला परत ठरली. परत घसा बसवला. आज वीस तारीख, आज पाळकसाहेबांनी स्वतः हळदीचं दूध पाठवलं. मी ते प्याले. चांगलं होतं. आता काय करू ते सांग.

तुझी,
पूनम


नेवासा
२९ जुलै

चि. पूनम,

पाळकाशी खोटं बोललीस आणि वर त्याचं दूध प्यालीस. कमाल हाय तुझी.

तुला जमत न्हाई तर सोड. तुमच्या मंडळीत कुणी गळ्याची बाई आसंल, तिला म्हणाया सांग. गाणं देवाला पोचल्याशी मतलब, कुणी म्हणलं त्याला काय. तू शेजारी उभी ऱ्हा आणि ओठ हलव. तुला ते जमतं.

गुडघे तसेच.

शालनबाई


चाकण
३० ऑगस्ट

आत्याला सलाम,

महिनाभर पत्र नाही कारण मी रागावले होते, आणि नंतर रागवायलापण वेळ मिळाला नाही.

तुझं पत्र आलं तसं मी पाळकसाहेबांना सांगून टाकलं की स्वरूपा म्हणेल. स्वरूपा म्हणजे ताथवड्याला कॉलेजात शिकते ती, तिचा गळा म्हणजे मध. दहा ऑगस्ट ठरली. नऊ तारखेला बाळाला ताप आला. संध्याकाळपर्यंत छाती उडायला लागली. निरंजनची दुसरी शिफ्ट, फोन लॉकरमध्ये. सावित्रीबाईंनी त्यांच्या पोराची गाडी काढायला लावली. चाकणच्या चौकात ट्रकच्या मागं आम्ही पाऊण तास उभे होतो. सावित्रीबाई काच खाली करून ट्रकवाल्यांना शिव्या देत होत्या आणि मी मांडीवर बाळाच्या फासळ्या मोजत होते. न्यूमोनिया निघाला. बारा दिवस दवाखाना. आता घरी आहे, खातंय, बघतंय. परत चटणी सुरू झालीय.

आता खरं सांगते. मला हौस नव्हती.

मार्चमध्ये ते काचेच्या पेटीत होतं तेव्हा नर्स मला म्हणायची, आई, हात आत घाला, काहीतरी बोला, गाणं म्हणा, बाळाला तुमचा आवाज कळतो. शेजारच्या पेटीपाशी एक बाई तिच्या लेकराला काय गोड म्हणायची. मी हात आत घातला. नर्स बघत होती. आणि मी, आत्या, ओठ हलवले. दीड किलोच्या लेकराला मी कांदा बटाटा म्हणलं, तेपण आवाज न काढता. एकोणीस दिवस. वेगळं काही माझ्या तोंडातून निघेचना. वाटायचं, ह्या मशिनी इतक्या नाजूक, माझ्या आवाजानं एखादी बंद पडली तर.

अठराव्या दिवशी त्याचा श्वास मध्येच थांबला. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. बाहेर चपलांच्या रॅकपाशी उभी राहून मी देवाला शब्द दिला. म्हणलं, हे घरी आलं तर मी मंडळीपुढं उभी राहून गाईन. खरं गाईन, आवाज काढून, एकटी.

ते घरी आलं. आणि मी घसा बसवला, दोनदा. मग स्वरूपाला उभं केलं. म्हणून त्याला ताप आला. निरंजन म्हणतो असं काही नसतं, पाऊस होता, थंडी बाधली. पण तो कंपनीत क्वालिटीत आहे, त्याला सगळ्याचं कारण सापडतं. मला एकच सापडतं.

आता ते शिंकलं तरी मला वाटतं, देव आठवण करून देतोय. शिकलेली असते तर बरं झालं असतं, नीट घाबरता आलं असतं.

तू हसशील तर हस. पण मला सांग, मी बेसूर गायले तर तो शब्द पाळला असं होतं का?

तुझी,
पूनम


नेवासा
५ सप्टेंबर

चि. पूनम,

कागद दोनदा वाचला. हसले न्हाई.

पयली गोष्ट. देव काय बोहारीण हाय का, आज भांडं दिलं, उद्या कापड कमी पडलं म्हणून परत नेलं? लेकराला ताप आला कारण लेकरांना ताप येतो. तुला बी यायचा. तुझ्या बापानं काय घसा बसवला नव्हता.

दुसरी गोष्ट. तू बेसूर व्हतीस. आज बी आसशील. ह्यात मी गोड बोलणार न्हाई. पण तुला गप कर आसं देवानं मला सांगितलं नव्हतं. बिशप येणार व्हते, मला वाटलं शालनबाईची मंडळी कशी गाती ते त्यांनी बघावं. तुझा एक आवाज रांगेतनं बाहेर येत व्हता, मोठा, उघडा, खुशीतला. मी तो कापला. बिशप म्हणाले, छान. आन् गाडीत बसून गेले. त्या एका छानसाठी मी नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडात कांदा बटाटा घातला, आन् तो पार त्या काचेपातूर गेला. ह्याचं मला वाईट वाटतंय.

तुला म्हाईत न्हाई, झोळीचं गाणं केलं ते तुझी आजी तुझ्यापरास बेसूर. चाल मी लावली. ती दळताना म्हणायची तर कुत्री उठून जायची. तुझ्या बापाच्या आधी तिची दोन गेलेली. हा जगला तवा तिनं गाणं केलं. ते गळ्यासाठी केलेलं गाणं न्हाई.

स्वरूपाला बसव. तू म्हण. २८ तारखेचा रविवार ठरव, मी येते. मला पयल्या बाकावर जागा ठेव, तुझ्या अगदी समोर. मधी खांब नको.

शालनबाई


चाकण
१ ऑक्टोबर

आत्याला सलाम,

तू नीट पोचलीस ना? जेवलीस आणि लगेच एसटी गाठलीस. काही बोलली नाहीस. माझा हात धरलास, दाबलास आणि चढून बसलीस, तेपण टुणकन. गुडघ्यांचं काय झालं ते तूच जाणे.

मी तीन दिवस तो रविवार डोक्यात फिरवतीये. तू समोर होतीस, तरी माझ्या बाजूनं कसं होतं ते सांगते.

पाळकसाहेब म्हणाले, "आता बहीण पूनम." मी उठले. बाळ निरंजनकडं. खोकून बघितलं, दोनदा खोटा बसवलेला घसा नेमका एकदम साफ. शेडमध्ये सत्तर-ऐंशी माणसं. चार वर्षं ज्यांना माझ्या चेहऱ्यावर भक्ती दिसते ती सगळी माना पुढं करून बसलेली, की आता हिचा आवाज ऐकू.

मग त्यांनी तो ऐकला.

पहिल्या ओळीला विक्की हसला, ढोलकीवाला. त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला, तो ओरडला, त्याचा सूर माझ्यापेक्षा बरा होता. स्वरूपानं खाली बघितलं. पाळकसाहेबांची भक्ती तोंडावर होती तशीच राहिली, पण गोठल्यासारखी. मागं सावित्रीबाई आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. त्या तेवढ्या मान हलवत होत्या. त्यांना सवय झालीय.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला बाळाकडं नजर गेली. ते दूध प्यायचं सोडून बघतं ना, तसंच बघत होतं, निरंजनच्या खांद्यावरून. काचेतून बघायचं तसं. तेवढ्यात बाहेर कंपनीची बस वळायला लागली, हॉर्नवर हॉर्न. मला माझंच ऐकू येईना. मंडळीला वाटलं मी अडले, म्हणून स्वरूपानं हळूच उचललं आणि मग सगळ्यांनीच उचललं. ऐंशी माणसं झोळीचं गाणं म्हणत होती, कागद वाटले होते ना निरंजननं. पत्रा थरथरत होता. त्यात मी गात होते का नुसते ओठ हलवत होते, मला खरंच सांगता येत नाही, आत्या. सतरा वर्षांची सवय आहे. तोंड आपलं आपण चालतं.

सगळे म्हणाले, फार छान झालं, आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तर येणारच, शेजारी कांदा. निरंजनला विचारलं तर म्हणाला, तू गात होतीस. पण तो बाळाला सांभाळत होता. बाळाला विचारून उपयोग नाही.

मी शब्द दिला होता की एकटी, आवाज काढून. दोन कडवी एकटी झाली, तेवढं नक्की. पुढची दोन मी म्हणली का मंडळीनं? तू समोर होतीस, एकटक माझ्या तोंडाकडं बघत होतीस. बाकीचे तोंडं वेडीवाकडी करत होते, तू नाही. तुझा कान तर पन्नास आवाजांतून एक आवाज बाहेर काढतो. खरं सांग. खोटं सांगून बरं वाटायला लावू नको. पाळकसाहेबांनी तुला विचारलं, भाचीचं गाणं कसं वाटलं, तर तू नुसती हसलीस. ते हसणं मला कळलं नाही.

तुझी,
पूनम


नेवासा
८ ऑक्टोबर

चि. पूनम,

पाळकानं काय विचारलं ते तुझ्या कागदात वाचलं तवा कळलं. मला वाटलं, चहा घेता का विचारतोय. म्हणून हसले.

माझे गुडघे चांगले हायेत. माझे कान गेलेत. गेल्या साली डाव्यातनं कमी झालं, मार्चपासून उजव्यातनं बी. फोनमधी नुसती खरखर येती, म्हणून बरं बरं म्हणून ठेवते. यंत्र लावून बघितलं. त्यात पेटी भांडी घासल्यासारखी वाजती. यंत्र कपाटात ठेवलं आन् देवळात जायचं सोडलं. कुणाला सांगितलं न्हाई. शालनबाईला ऐकू येत न्हाई आसं लोकांनी म्हणावं, हे मला सोसलं न्हाई.

घरी बसून इचार केला. चाळीस वर्षं मला वाटायचं, मी देवासाठी गाते. ऐकू यायचं बंद झालं आन् त्याच्या घरी जायाचं बी बंद केलं, म्हणजे निम्मं तरी माझ्याच कानासाठी व्हतं. तुला मी सूर शिकवाया निघाले व्हते.

आता तू इचारलंस त्याचं उत्तर. मी काहीच ऐकलं न्हाई. तुझा आवाज न्हाई, ढोलकीवाल्याचा न्हाई, बसचा न्हाई. पण मी चाळीस वर्षं रांगेपुढं उभी ऱ्हायलेय. कोण गातंय आन् कोण ओठ हलवतंय, ते मला कान लावून कधीच बघावं लागलं न्हाई. ओठ हलवणाऱ्याच्या मानेची शीर फुगत न्हाई. तू नऊ वर्षांची व्हतीस तवापासनं तुझी शीर मी बघितलीच नव्हती.

पयल्या कडव्याला ती उठली. दुसऱ्याला उठली. तिसऱ्याला मंडळी उभी ऱ्हायली, तवा एक ओळ तू कांदा बटाटा म्हणलीस. मला सरळ दिसलं. मग तू पुन्यांदा लेकराकडं बघितलंस, तोंड मिटलंस, परत उघडलंस, आन् शीर अशी उठली की मला वाटलं फुटती आता. शेवटच्या ओळीपातूर ती खाली गेली न्हाई. ह्याची मी साक्षी हाय. बाकी ऐंशी जण काय म्हणत व्हते त्याच्याशी तुझ्या शब्दाचा संबंध न्हाई. पाळलास तू.

एका ओळीचं तुझं तू बघ. मी तर म्हणते, कांदा बटाटा बी त्यानंच दिलाय.

आणखी एक. तुझ्या तोंडाकडं बघून मला चारही कडवी कळली, शब्दनशब्द. आसं कुणाचंच कळत न्हाई. आमच्या मंडळीत सगळी तोंडात गूळ धरल्यागत गात्यात, कुठलं गाणं चाललंय ते मला उमगायचं न्हाई, देवळात जात व्हते तवर मी नुसती बसून ऱ्हायची. तू सतरा वर्षं ओठांचा सराव केलास, तुझ्याएवढं तोंड उघडून आख्ख्या जिल्ह्यात कुणी म्हणत नसंल.

तवा ह्या नाताळला ये. लेकराला घेऊन ये, मिक्सर मी आणून ठेवते. देवळात माझ्या समोर उभी ऱ्हा, मंडळीकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून. तू म्हण, मी तुझ्याबरोबर म्हणंन. सूर आता मला बी सापडणार न्हाई, म्हणजे दोघी सारख्याच.

आन् आवाज मोठा काढ. मला त्रास न्हाई.

शालनआत्या